कुस्तोदियाचा चर

शहरातल्या पेपरात आमच्या कुस्तोदियावर लेख आला तो माझ्या भाचीनं आणून दिला. वर फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात "घाटातली प्रेमळ माउली". मी तो शेवटपर्यंत वाचला आणि चुलीत घातला. कुस्तोदिया विलामिसार आणि प्रेमळ? अख्ख्या एल अलिसालमध्ये तिच्याइतकी तोंडाळ बाई नाही. माझी कोंबडी तिच्या वाफ्यात गेली म्हणून ती माझ्याशी एक अख्खा उपासकाळ, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, बोलली नव्हती. फादरांना तिनं भर मिस्सेनंतर सांगितलं होतं की तुमचं प्रवचन लांबतं आणि तोवर घरी डाळ करपते. तिच्यावर लिहायचंच असेल तर जे झालं ते लिहा. त्यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहून ठेवते आहे.

तिचं घर रस्त्याच्या शेवटच्या वळणावर. त्याच्यावर पारामो सुरू होतो, ते झाड नसलेलं, धुक्यातलं थंड माळरान. तिथं दुपारनंतर आमचे लोकही पायी जात नाहीत. नवरा अब्दोन जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा राजधानीत. घरामागं पातीच्या कांद्याचे वाफे, चार कोंबड्या, आणि बाजूला पत्र्याचं गॅरेज. त्यातला ट्रक अब्दोनच्या आजारपणात विकला, गॅरेज तेवढं राहिलं.

पलीकडच्या देशात खायला मिळेना म्हणून तिथून लोक चालत यायला लागले तेव्हा सुरुवातीला आम्ही सगळ्यांनीच दिलं. मीही गुळाचं गरम पाणी करून दारात उभी राहायची. खांद्यावर मूल, पायात रबरी चपला, चाक तुटलेली बॅग खडखडत ओढत माणसं सीमेपासून इतक्या वर चढून येत होती. पण ती थांबेनात. आज आली तशी उद्या, उद्या आली तशी परवा. कुंपणाशी घाण व्हायला लागली, कुणाची पात उपटली गेली. खोटं कशाला सांगू, त्रास होता. मग एकेक दार बंद झालं. कुणी कुत्रं मोकळं सोडलं, कुणी फाटकावर पाटी लावली की इथं पाणी मिळत नाही. पाटी लावायलाही माणसाला वेळ मिळतो याचा मला अजून राग येतो.

कुस्तोदियानं पाटी लावली नाही. तिनं शिव्या घालत गॅरेजचं दार उघडलं. अगदी तसंच. पहिल्या दिवशी मी तिथंच होते. पावसात भिजलेली सात-आठ माणसं तिच्या पागोळ्यांखाली उभी, आणि ही आतून ओरडते आहे, "चपला घालून पारामो चढायला निघालात? वर काय समुद्रकिनारा आहे? आत या आणि दार लावा, वारं शिरतंय." मग गॅरेजात चूल मांडली गेली, मग मोठं पातेलं आलं, बटाटा, पात आणि कधी अंडी घातलेलं सूप रोज शिजायला लागलं. तिचे नियम कडक. हात धुतल्याशिवाय ताट नाही, बटाटे सोलल्याशिवाय सूप नाही, आणि सकाळी झाडल्याशिवाय कुणी रस्ता धरायचा नाही. साल जाड काढली तर ती त्या माणसाला सगळ्यांदेखत विचारायची की तुमच्याकडं बटाटे झाडाला लागतात का. लोक हसायचे. उपाशी, पाय सोललेले लोक हसायचे, हे मी पाहिलं आहे.

एकदा मदत संस्थेची एक मुलगी आली, निळं जाकीट घातलेली. तिनं अगदी मऊ आवाजात विचारलं, "कुस्तोदियाबाई, तुम्ही हे सगळं का करता?" कुस्तोदियानं पातेलं ढवळायचं थांबवलं नाही. म्हणाली, "मला काय विचारतेस? खाली रस्त्यानं जा, दारं लागतील, त्यांना विचार की बाबांनो तुम्ही का करत नाही. आणि आलीच आहेस तर तो चमचा दे." मुलीनं ते लिहून घेतलं नाही.

आता पाण्याचं सांगते.

आमच्या वाडीचं पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून पाइपनं येतं. सरकारनं ते आणलं नाही, आम्ही आणलं. मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. झऱ्यापासून वाडीपर्यंत चर खणायचा होता. घरागणिक तुकडे पाडले, टोपीत खुणा केलेले मक्याचे दाणे टाकले आणि ज्याला जो दाणा त्याला तो तुकडा. एवेलियो हाइमेसच्या घराला खालची काळी मऊ माती आली. त्यांनी ती बघता बघता उपसली आणि पुढचे दिवस मक्याची दारू पीत दुसऱ्यांना सूचना दिल्या. कुस्तोदियाला ओढ्यावरचा कातळ आला. अब्दोन तेव्हा सीमेपलीकडं उसाच्या मळ्यावर कामाला होता. आमचे निम्मे पुरुष तिकडंच होते. त्यांनी पाठवलेल्या पैशातूनच पाइप आले, हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि अलीकडं कुणीच काढत नाही. कुस्तोदियानं तो कातळ एकटीनं फोडला. पोरगं खोक्यात घालून चराच्या काठावर ठेवायची आणि पहार मारायची. हाताला फोड आले की तिनं त्यावर मेणबत्तीचं मेण ओतलेलं मी पाहिलं आहे. चर पुरा झाला, पाइप पडला, तिनं माती लोटली आणि घरी गेली. त्या तुकड्यातून आज सगळ्यांच्या घरी पाणी येतं.

तर गेल्या कोरड्या महिन्यांत पाणी कमी झालं. दरवर्षी होतं. एवेलियो आता पाणी समितीचा अध्यक्ष आहे. रविवारी मिस्सेत वाचन तोच करतो, आवाज घंटेसारखा. तहानेल्याला पाणी देण्याचा उतारा त्यानं किती वेळा वाचला असेल, देव जाणे. त्यानं शाळेच्या खोलीत सभा बोलावली. तो कुस्तोदियाचा कोंपाद्रे आहे, म्हणजे तिच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं हातावर धरलं. आमच्यात हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड असतं. तो तिला कोमाद्रे म्हणतो, ती त्याला कोंपाद्रे, आणि कोंपाद्रेशी भांडत नाहीत. त्यानं आवाज न चढवता सांगितलं की प्रत्येक घराचा नळ त्या घरापुरता आहे, कोमाद्रे कुस्तोदियाच्या घरात एकच माणूस आहे, आणि तिच्या नळातून रोज अख्खी फौज पाणी पिते. मग म्हणाला, "पाणी त्याचं, ज्यानं चर खणला. त्या चालणाऱ्यांपैकी कुणी खणला होता का?"

मत घराला एक. ते घरातला पुरुष देतो. कुस्तोदिया विधवा, म्हणून तिचं मत तिचं. बाकी आम्ही बायका भिंतीकडच्या बाकावर होतो. तिचा नळ बंद करावा म्हणून हात वर झाले. त्यात माझ्या नवऱ्याचा, एलिएसेरचा, हात होता. जवळजवळ सगळेच होते. ज्या बाईला डाळ करपली तरी फादरांना जाब विचारावासा वाटतो ती गप्प बसली, तेव्हाच त्यांनी घाबरायला हवं होतं.

व्हॉल्व्हची किल्ली एलिएसेरकडंच असते. पाण्याची देखभाल त्याच्याकडं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जाऊन तिचा नळ बंद केला. मी त्याला दुपारी जेवायला वाढलं आणि पाणी ठेवलं नाही. त्यानं पाणी मागितलं. मी म्हटलं, "एवेलियोकडून घेऊन या, त्यांच्याकडं पुष्कळ आहे." त्यानं उठून स्वतः घेतलं. मी रोझरी म्हणायला बसले. प्रार्थनेत राग आणू नये म्हणतात. त्या आठवड्यात माझ्या मण्यामण्याला राग होता आणि मारियामातेनं तो तसाच ऐकून घेतला असेल, बाळंतपणाच्या तोंडावर आसरा शोधत दारोदार फिरण्याचे दिवस तिलाही आठवत असतीलच.

नळ बंद झाला म्हणून चालणारे थांबणार होते का? ते येतच राहिले. कुस्तोदिया ओढ्यातून दुधाच्या बरण्यांनी पाणी आणायची. गुडघे दुखरे, उतार निसरडा. मी आणि आणखी दोघी घरचं पाणी झाकून नेऊन द्यायचो, पण ते पातेल्यालाच पुरायचं, प्यायला उरायचं नाही. त्यातच एका दुपारी युलेयसी नावाची एक पोरगी आली, कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी. मुलीचं नाव हेनेसिस. कुस्तोदिया ओढ्यावर गेलेली होती. मुलगी पाणी पाणी करत होती. युलेयसीनं आसपास पाहिलं. कांद्याच्या शेताला लागून पाटातून स्वच्छ, थंड पाणी वाहत होतं. तिनं बाटली भरली.

त्या पाटात फवारणीचे पंप धुतात. आमची कुत्रीसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. पण हे तिला कोण सांगणार? फाटकावर पाटी लावायला वेळ होता, पण ती या पाटापाशी लावायला कुणाला सुचलं नाही.

कुस्तोदिया बरण्या घेऊन आली तेव्हा मुलगी गॅरेजच्या दारात ओकत होती. तिनं मला हाक मारली तेव्हा मी धावत गेले. मुलगी ओल्या फडक्यासारखी झाली होती, तोंडातून फेस, डोळे वर. खाली शहरात जायला गाडी हवी होती. कांद्याचा एक ट्रक उतरत होता. कुस्तोदिया रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून सांगितलं की चालणाऱ्यांना बसवलं तर पोलीस परवाना काढून घेतात. ती म्हणाली, "पोलिसाला सांग, म्हातारी टायरसमोर झोपली होती, उठेना." आणि खरंच खाली बसली. त्यानं दार उघडलं. मायलेकी कांद्याच्या गोण्यांमध्ये बसून खाली गेल्या.

संध्याकाळी आम्ही तिघी-चौघींनी रोझरी म्हटली, दर दहा मण्यांना हेनेसिसचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून सांगितलं की जिवंत आहे, सलाईन लावलं आहे. कुस्तोदियानं क्रूस केला आणि लगेच त्याला विचारलं की तुझ्या ट्रकचा ब्रेक असा का ओरडतो.

हे इथं संपलंही असतं. पण एवेलियो दुकानात बोलला. म्हणाला की आईनं बघायला नको का, लेकराला काय पाजते आहे. दुकानातलं बोलणं वाडीत पोचायला वारा लागत नाही. कुस्तोदियानं ऐकलं, हातातला बटाटा खाली ठेवला आणि अब्दोनची पहार भिंतीमागून काढली.

सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकत होते तेव्हा ओढ्याकडून ठाण ठाण आवाज येत होता. आधी वाटलं, कुणी दगड फोडतंय. वर गेले तर कुस्तोदिया तिच्या तुकड्याच्या अर्ध्यावर पोचली होती. माती उपसून दोन्ही बाजूला, मध्ये काळा पाइप उघडा पडलेला, सापासारखा. ती खणत होती आणि देवाशी बोलत होती. काय बोलत होती ते लिहिण्यासारखं नाही. मी फावडं मागितलं. म्हणाली, "नको ओतिलिया, माझं मी खणलंय, माझं मी उकरते. तुम्ही बसा आणि साक्षीला राहा." मी दगडावर बसले.

बातमी पसरली. पुरुष वर आले, बायकाही आल्या. पाइपला पहार लागली असती तर कुणाच्याच घरी पाणी आलं नसतं. कुस्तोदिया तोवर चराच्या काठावर बसली होती, पहार मांडीवर आडवी. एवेलियो सगळ्यांच्या पुढं आला. आवाज तसाच, मिस्सेतला.

"कोमाद्रे, हे बरं नाही. पाइप सगळ्या वाडीचा आहे."

"वाडीचाच आहे, कोंपाद्रे. मी त्याला बोट लावलेलं नाही. घेऊन जा. चर माझा आहे. तुम्हीच म्हणालात, पाणी त्याचं ज्यानं चर खणला. हा मी खणला. माझ्या चरातून आजपर्यंत तुमचं पाणी जाऊ दिलं, आता देत नाही. पाइप हवेतून न्या."

मागं कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. एवेलियोची मान लाल झाली. त्यानं तेव्हा खरं काय ते विचारलं. म्हणाला, "हे लोक तुमचे कोण लागतात? अब्दोनला तिकडच्या मुकादमानं वर्षभर राबवून रिकाम्या हातानं हाकललं. पायी आला तो तिथून. ते विसरलात?"

मला वाटलं आता ती पहार उचलते. तिनं ती खाली ठेवली.

"विसरले नाही. मला त्यांचं प्रेमही नाही, कोंपाद्रे. सालं जाड काढतात, रात्रभर खोकतात. पण दारात कुणी उपाशी उभं असलं की मला घास गिळवत नाही. मला माझं जेवण गरम आणि शांतपणे जेवायचं असतं, एवढाच माझा दोष. तुम्ही प्रत्येकानं आपापल्या दारात एकेक वाटी दिली असती तर माझ्या दारात एक-दोघंच आले असते. तुम्ही हाकलता ते सगळे माझ्याकडं येतात. तुमचे पाहुणे मी जेवायला घालते आहे, आणि पाणी माझंच तोडता?"

वारं सुटलं होतं. मी एलिएसेरकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, कारण किल्ली त्याच्या कमरेला होती. तो टोपी फिरवत उभा राहिला, मग म्हणाला, "थंडी वाजतेय. मी जरा खाली जाऊन येतो." आणि गेला. थोड्या वेळानं कुस्तोदियाच्या अंगणातून गॅरेजातली माणसं ओरडल्याचा आवाज आला. नळ आला होता. माझ्या नवऱ्याला मी यावरून संत करणार नाही. त्याला जेवताना पाणी हवं होतं. पण गेला, हेही खरं.

एवेलियोनं मान हलवली, जणू त्यानंच सांगितलं होतं. म्हणाला, बरं, आता बुजवा. कुस्तोदिया उठली, स्कर्टची माती झटकली आणि म्हणाली की एकदा मी एकटीनं खणला आणि एकटीनं बुजवला, दुसऱ्यांदा नाही. "आज इर्जिक आहे. फावडी आणा."

इर्जिकीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायला, नाही म्हणत नाहीत. आज तुम्ही गेला नाहीत तर उद्या तुमचं छप्पर पडल्यावर कुणी येत नाही. शिवाय रात्री थंडीनं पाणी गोठलं असतं तर उघडा पाइप तडकला असता. पुरुष फावडी आणायला गेले. ज्यांनी हात वर केले होते तेच हात माती लोटत होते. एवेलियोही लोटत होता. त्याला कातळाचा भाग आला, आणि तिथं मातीत चुरा असतो, फावडं सरकत नाही. कुस्तोदिया म्हणाली, "जरा जोर लावा कोंपाद्रे, तुमच्याकडची माती मऊ होती ना?" या वेळी कुणी खोकलं नाही, सरळ हसले.

इर्जिक बोलावणाऱ्यानं जेवण घालायचं असतं. दुपारी सगळे गॅरेजाकडं आले. पातेलं चुलीवर होतं, आणि चालणाऱ्यांची रांग नेहमीसारखी लागलेली, कुणी त्या सकाळी आलेले, कुणाच्या पायाला फडकी गुंडाळलेली. इर्जिकीत अध्यक्षाला आधी वाढतात. एवेलियो सवयीनं सरळ पातेल्यापाशी गेला आणि ताट पुढं केलं. कुस्तोदियानं पळी वर धरली.

"कोंपाद्रे, रांग मागून आहे."

तो मागं गेला. त्याच्या पुढं पलीकडच्या देशातल्या माराकाइबो शहराचा एक उंच माणूस होता, त्याच्या एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात मोजा. त्या माणसाला एवेलियो कोण हे माहीत नव्हतं. त्यानं सरकून जागा करून दिली आणि सांगितलं की सूप चांगलं असतं, पण बाई फार ओरडते.

पेपरवाले त्यानंतर महिन्याभरानं आले. त्यांना चर दिसला नाही, त्यावर गवत उगवलं होतं. हेनेसिस आणि तिची आई खालून दुसऱ्या रस्त्यानं गेल्या, पुन्हा आमच्याकडं आल्या नाहीत. समितीची पुढची सभा होणार आहे आणि एवेलियो पुन्हा तेच काढणार हे मला ठाऊक आहे. या वेळी एलिएसेरनं हात वर केला तर मी बाकावर बसून राहणार नाही, हे मी त्याला सांगून ठेवलं आहे.

पण त्या दुपारचं राहिलंच. रांग सरकत एवेलियोची पाळी आली. कुस्तोदियानं पळी भरली, एक मोठा बटाटा त्यात आला होता, आणि ओतता ओतता थांबली. त्याच्या हातांकडं बघितलं. कोपरापर्यंत चराची माती.

"हात धुतलेत?"

एवेलियोनं ताट त्या माराकाइबोच्या माणसाच्या हातात दिलं आणि अंगणातल्या नळाकडं गेला. नळावर दोन पोरं आणि एक म्हातारी होती. तो त्यांचं होईपर्यंत उभा राहिला.